काजूच्या राळेचं पातं

बारा दो जुरेमा
१२ मार्च २०१७

झेनो,

फोन केला की तू कापतोस. चार वेळा कापलास, मी मोजलंय. पत्र कापता येत नाही. फार तर फाडशील, पण फाडायच्या आधी माणूस वाचतोच. तेव्हा वाच.

नंबर आणि पत्ता कुठून मिळाला म्हणशील, तर तुझ्या लाडक्या भाऊजींकडून. अकरा वर्षं माझा नवरा तुझा पत्ता गळांच्या पेटीत खाली दडवून बसला होता आणि दर नाताळला तू त्याला कार्ड पाठवत होतास. मला काल कळलं. एक्स्पेदितोच्या पोटात एवढी मोठी गोष्ट इतकी वर्षं राहू शकते, हे मला खरंच वाटत नव्हतं. मी सकाळपासून त्याच्याशी बोलत नाहीये, आणि तो अगदी मजेत आहे.

तर काम काही नाही. सहज लिहितेय. गावची खबर कळवावी म्हटलं.

मोठी खबर म्हणजे तुझी बहीण बासष्टाव्या वर्षी मास्तरीण झाली. हसू नकोस. जानेवारीत फोर्तालेझाच्या विद्यापीठातून एक डॉक्टर आली, जासिरा नावाची. सुई टोचणारी डॉक्टर नव्हे, पण हे कळायच्या आत आपल्या ओतासिलियाचा तिला गुडघा दाखवून झाला होता. जासिराने बिचारीने गुडघा नीट पाहिला आणि म्हणाली, "मावशी, मला राळेतलं कळतं, गुडघ्यातलं नाही." तेव्हापासून ती आमची झाली. तिशीची पोर, पण उकळती राळ नुसती नाकाने हुंगून सांगते की अजून दहा मिनिटं लागतील.

तिला आपल्या गावात पवनचक्की उभी करायची आहे, मच्छीमारांच्या बर्फासाठी. तुला माहीतच आहे, टेकडीमागे कंपन्यांच्या एवढाल्या चक्क्या फिरतात, त्यांची वीज आपल्या डोक्यावरून शहरात जाते आणि आपला बर्फ शहरातून ट्रकने येतो. ट्रक पंक्चर झाला की आख्ख्या गावाची मासळी जाते. जासिरा म्हणते, वारा तुमचा, मासे तुमचे, मग बर्फ का दुसऱ्याचा? मला हे फार पटलं. एक्स्पेदितोला इतकं पटलं की त्याने तिला सगळ्यात मोठा लॉब्स्टर देऊन टाकला, मला न विचारता.

आणि पाती कशाची, सांग पाहू. काजूच्या टरफलाच्या तेलाची. ज्या तेलाने आपल्या आईच्या बोटांची सालपटं निघायची आणि जे आपण शिव्या घालत फेकायचो, त्याची ही पोरगी राळ करते. राळ एकटी ठिसूळ, काचेच्या धाग्याचं कापड एकटं लुळं. पण थरावर थर लावून पंपाने आतली हवा ओढली की दोन्हींचं मिळून असं काही होतं की एक्स्पेदितोने हातोडा मारून पाहिला तर हातोडाच परत आला. हे मी तुला काय सांगतेय म्हणा, तू तिथे तेच काम करतोस. पण आता मीही करते, म्हणून सांगितलं.

तिला हात हवे होते. पात्याच्या वळणावर कापड सुरकुती न पडता बसवणारे. तिचे विद्यार्थी बसवायचे तर घाईत घातलेलं अंथरूण दिसायचं. मग तिने किनाऱ्यावर आमच्या लेस विणायच्या उशा आणि काड्या पाहिल्या, आणि आम्हा सहा बायकांना कामाला लावलं. मी त्यांची मुख्य. ओतासिलियाला हे मान्य नाही, पण तिचं कोण ऐकतं.

शिवाय एक काळा डबा आहे. त्यात जळलेल्या काजूटरफलाची पूड राळेत कालवून केलेले पातळ पत्रे, मध्ये एकेक पापुद्रा, असे शंभर थर. वारा जोरात असला की डबा वीज धरून ठेवतो, वारा पडला की सोडतो. जासिराच्या प्रयोगशाळेत तो चाललाय, इथल्या खाऱ्या हवेत चालतो का ते पाहायचंय. ते थरही आम्हीच लावतो.

तुझी तब्येत बरी असेल. तिकडे दक्षिणेला त्या जोइनविलला फार थंडी असते म्हणे. लोकरीचं काही आहे का तुझ्याकडे? लग्न तर केलं नाहीस, विणून कोण देणार.

लिंदाल्वा

ता. क. सहजच विचारते, लावलेले थर नंतर सुटतात ते कशाने?


९ एप्रिल

झेनो,

उत्तर नाही. ठीक आहे. मी कुठे वाट पाहत होते.

आमचं पहिलं पातं फुटलं. दुसरंही. पातं एका टोकाने जखडून आडवं धरायचं आणि दुसऱ्या टोकाला वाळूच्या पिशव्या टांगत जायच्या, अशी परीक्षा असते. बारा पिशव्या पेलायला हव्यात. पहिल्याने आठवीला दम सोडला, दुसऱ्याने नवव्या पिशवीला. मोडलं असतं तर एक वेळ समजलं असतं. मोडलं नाही, थर सुटले. ओतासिलिया म्हणते राळ कच्ची राहिली. मी म्हणते पावसाळी हवा. जासिरा काही म्हणत नाही, नखं खाते. तिच्या वरचे साहेब म्हणालेत की जूनअखेरच्या संत पेद्रूच्या सणापर्यंत चक्की फिरली नाही तर सामान उचलून दुसऱ्या गावी न्यायचं.

बरं, एक सांगायचं राहिलं होतं. हे सगळं काम तुझ्या शेडमध्ये चालू आहे. किल्ली माझ्याकडे होती, छप्पर गळत होतं, मी देऊन टाकली. तुझा नावेचा साचा तसाच आहे, त्याला कोणी हात लावलेला नाही. त्यावर ओतासिलिया चटई टाकून दुपारची झोपते, तेवढंच.

आणि आता खरं ऐक. मी सहज लिहीत नाहीये. थर का सुटतात हे आपल्या रक्तामांसाच्या माणसांत फक्त तुला ठाऊक आहे. तू दोन ओळी लिहिल्यास तर ही पोरगी आणि आम्ही सहाजणी तरून जाऊ. घे, मागितलं मी. लिंदाल्वाने कोणाकडे काही मागितलं, असं तू पूर्वी पाहिलं आहेस का?

अजून त्या कांद्यावरून रुसून बसला असशील तर कमाल आहे तुझी. नाव तुझी, शर्यत तुझी, दुसऱ्या वळणाला तिचा तळ पापुद्र्यापापुद्र्याने सुटला तोही तुझाच. सगळा गाव वाळूवर उभा होता. मी एवढंच म्हणाले की माझ्या भावाने नाव नाही, कांदा बांधलाय. लोक हसले. लोकांनी तुझं नाव कांदा ठेवलं, मी नाही ठेवलं. गावात कोणाला नाव नाही ठेवलेलं? एक्स्पेदितोला घोरपड म्हणतात. तो सोडून गेला का गाव?

महिन्याभरात तू बस पकडलीस. मला वाटलं होतं पावसाळा संपला की येशील.

फुटलेल्या दुसऱ्या पात्याकडे मी काल फार वेळ बघत बसले होते. का ते मला नीट सांगता येत नाही.

लिंदाल्वा


२३ एप्रिल

झेनो,

हे पत्र बसून वाच.

ईस्टर झाल्यावर बुधवारी जासिरा शेडमध्ये आली. आम्ही तिसऱ्या पात्याचं कापड कापून, नीट घड्या घालून ठेवलं होतं. तिने काय केलं, एका कापडाच्या कडेवर पाण्याचा थेंब टाकला. थेंब मुरला नाही. गोल होऊन टुणकन बसला आणि घरंगळला. मधल्या भागात टाकला, तो बरोबर मुरला. परत कडेवर टाकला, परत घरंगळला. तिने हळूच विचारलं, "ह्या कडांना कोणी काही लावलंय का?"

आम्ही सहाजणी एकमेकींकडे बघून हसलो. अभिमानाने हसलो रे. मी म्हणाले, "लावलंय म्हणजे? मेण लावलंय. कार्नाउबाच्या झाडाचं, शुद्ध, माझ्या आईच्या वेळेपासून लावतो. कापलेल्या कडेचे धागे विसकटतात, बोटात घुसतात. बोटांना आणि कडेला मेणाचा हात फिरवला की कापड कसं लोण्यासारखं बसतं. तुझ्या विद्यार्थ्यांना हेच तर येत नाही."

जासिरा मटकन खाली बसली. रडते की काय असं वाटलं, पण हसत होती. म्हणाली, "मावशी, पातं साच्याला चिकटू नये म्हणून साच्याला आम्ही काय लावतो?" मी म्हणाले, मेण. म्हणाली, "का?" मी म्हणाले, राळ मेणाला धरत नाही म्हणून. एवढं बोलले आणि माझं तोंड उघडंच राहिलं. महिनाभर मी स्वतः तो साचा मेणाने पुसत होते आणि तेच मेण कापडाला लावत होते. जिथे कडेवर कड येते, तिथे थर एकमेकांना कधी चिकटलेच नव्हते.

बाकीच्या पाचजणी मोठमोठ्याने हसल्या. मीही हसले असते. पण मला तुझी शेड आठवली, झेनो. त्या वर्षीचे ते तीन आठवडे. तू राळ कालवायचास आणि कापड कोण बसवत होतं? मी. तू म्हणायचास, ताई, तुझ्यासारखा हात कोणाचा नाही, एक सुरकुती नाही. आणि तू राळ आणायला वळलास की मी खिशातला मेणाचा खडा काढून कडांवर फिरवायचे. तुझी नाव अगदी देखणी व्हावी म्हणून.

मी एक्स्पेदितोला घेऊन तळ्यामागे गेले. तुझी नाव अजून तिथे पालथी पडलेली आहे, तिच्याखाली कोंबड्या राहतात. कोंबड्या हाकलल्या, सुटलेल्या थराची एक कड मोडून काढली आणि नखाने खरवडली. नखात मेण आलं. अकरा वर्षांच्या पावसाने तेही जिरलं नाही. एक्स्पेदितोने माझ्या नखाकडे पाहिलं आणि टोपी काढली.

राळ तू बरोबर कालवली होतीस. नाव तू बरोबर बांधली होतीस. ती माझ्या हातांनी सुटली, आणि वर मीच सगळ्या गावासमोर तुला हसले. लोकांनी नाव ठेवलं असं मागच्या पत्रात लिहिलं, तेही खोटं. नाव मीच ठेवलं. दुसऱ्या दिवशी बाजारात मीच तुला पहिली हाक मारली, "काय रे कांद्या."

मला हे अकरा वर्षं माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी बस पकडून त्या थंडीत आले असते. आता माहीत झालं, तर काय करावं ते कळत नाही. पात्याचं उत्तर आम्हाला सापडलं, तेव्हा त्याचं तू काही लिहू नकोस. दुसरं काही लिहिता आलं तर लिही. शिवी लिही. पण लिही.

तुझी ताई


२१ मे

गाढवा,

हो, गाढवाच म्हणणार. मोठी आहे मी तुझ्याहून.

तुझं पत्र काल आलं. पोस्टातल्या बाईने लांबूनच फडकवून दाखवलं, आणि मी चुलीवरचं कालवण तसंच टाकून पळाले. कालवण करपलं. तुझ्या भाऊजीने ते निमूट खाल्लं, आता सांग त्याला कुठल्या तोंडाने रागवू.

सात ओळी. अकरा वर्षांनी सात ओळी. मला त्या पाठ झाल्यात. "ताई, मेणाचं मला इथे पहिल्याच महिन्यात कळलं, तुझ्या खिशातला खडा आठवला. इथे कापडाला शिवण्याआधी सगळ्यांना हात धुवायला लावतात, आणि का ते सांगतात. मला वाटलं होतं तुला ते तेव्हाच किनाऱ्यावर कळलं होतं. तू सुटलेल्या थराच्या कडेवरून बोट फिरवलंस, आणि मग हसलीस. म्हणून मी परत आलो नाही. हातमोजे वेगळे पाठवलेत. झेनोबिओ."

म्हणजे अकरा वर्षं तू असं समजत होतास की मी माझा दोष ओळखला आणि जाणूनबुजून तुझ्या माथी मारला. आणि एक शब्द बोलला नाहीस. गावात कोणाला सांगितलं नाहीस, एक्स्पेदितोच्या कार्डातसुद्धा नाही. तुला बोलता आलं असतं. गावाला "मेण हिने लावलं" एवढं कळवलं असतंस तर तो कांदा माझ्या गळ्यात पडला असता. तू का नाही कळवलंस? नको, सांगू नकोस. मला कळलंय, आणि ते आठवलं की मला काल दुपारपासून सारखं रडू येतंय.

आता माझं ऐक. मी बोट का फिरवलं? तुझ्या पायातून रक्त येत होतं. नाव ओढत आणली, तू पाण्यातून लंगडत आलास आणि नडगी फाटलेली. ती कड किती धारदार आहे, तुला किती खोल लागलं असेल, ते मी पाहत होते. एवढंच पाहत होते. आणि हसले का, तर तू जिवंत होतास. वळणावर नाव दिसेनाशी झाली तेव्हापासून तू वाळूवर पाय ठेवीपर्यंत मी श्वास घेतला नव्हता. तो सुटला आणि सोबत हसू सुटलं, आणि हसू सुटलं की माझ्या तोंडाला दार नसतं हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. मला तुला मिठी मारायची होती रे. मारली असती तर सगळं वेगळं झालं असतं. मी विनोद केला.

हातमोज्यांचं पार्सल मिळालं. बारा जोड. ओतासिलियाने एक घरी नेला, मासे साफ करायला, मी तो परत आणला. सोबतची तुझी यादी जासिराने मोठ्याने वाचली. साबण कुठला, कापड कुठे टांगायचं, कडा विसकटू नयेत म्हणून कात्रीऐवजी गोल चाकू आणि कापायच्या रेषेवर तात्पुरती चिकटपट्टी, नंतर पट्टीचा भाग कापून टाकायचा. वाचून झाल्यावर म्हणाली, "मावशी, हा माणूस कुठे आहे? ह्याला आणा." मी म्हणाले, "तो माझं ऐकत नाही." मनात म्हणाले, कोणत्या तोंडाने आणू.

तिसऱ्या पात्याने शनिवारी बारा पिशव्या पेलल्या. तेराव्या पिशवीऐवजी, जासिरा नको नको म्हणत असताना एक्स्पेदितो स्वतः लोंबकळला. पातं वाकलं, परत सरळ झालं. नवरा वाळूत पडला. आम्ही सगळ्यांनी कॉफीबरोबर नारळ घातलेले टपिओकाचे घावन खाल्ले, आणि मला वाटलं तू इथे असतास तर काहीतरी खोड काढलीच असतीस.

एकोणतीस जूनला सण आहे. चक्की त्याच दिवशी उभी राहणार, पाद्रीबाबा पाणी शिंपडणार. ये म्हणत नाही. सण आहे एवढं कळवलं.

ताई


१ जुलै

झेनो,

तू आत्ता आमच्या पडवीत झुल्यात पडलायस आणि भाऊजींशी नारळीच्या कुठल्या झाडावरून वाद घालतोयस. मला इथे ऐकू येतंय. मी स्वयंपाकघरात बसून तुला पत्र लिहितेय, कारण दोन आठवडे तू घरात आहेस आणि मला हे तोंडाने बोलता आलेलं नाही. सोमवारी साडेनऊची बस आहे. हे तुझ्या पिशवीत घालून ठेवीन, वाटेत वाच.

तू अठरा तारखेला आलास तेव्हाचं आधी सांगते. कळवलं नाहीस, घरी आला नाहीस, बसमधून उतरून पिशवी खांद्याला तशीच आणि सरळ शेडमध्ये. मी शेवटच्या पात्यावर वाकले होते, हातात मोजे, डोक्याला फडकं. मागून कोणीतरी आलं आणि थराच्या कडेवर अंगठा टेकवला. मी ओरडणार होते की हात धुतलेत का. वर पाहिलं तर तू. केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं. तू विचारलंस, "हे कोणी लावलं?" मी म्हणाले, मी. "बरं लावलंय," म्हणालास, आणि हात धुवायला गेलास. मी त्या फडक्यातच तोंड घालून रडले. ओतासिलियाने सगळ्या गावाला सांगितलंय, म्हणून लपवत नाही.

आता सणाचा दिवस. पाद्रीबाबांनी कार्यक्रमात लिहिलं होतं, नऊ वाजता चक्की फिरेल. आपला वारा कधी अकराच्या आधी उठलाय? जांगादा होड्या फुलांनी सजून, संताची मूर्ती घेऊन समुद्रात फेरी मारून परतसुद्धा आल्या आणि आख्खा गाव तोंड वर करून उभा. पाती हलायला तयार नाहीत. जासिराचा चेहरा पाहवत नव्हता. तिचे साहेब घड्याळ बघत होते. तू मात्र दगडावर बसून उसाचा रस पीत होतास. साहेबांना म्हणालास, "आमच्याकडे वारा नाश्ता करून येतो." आमच्याकडे म्हणालास, झेनो. मी ते ऐकलं, आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

अकराला दहा मिनिटं होती तेव्हा नारळीची पानं वाजली. मग पहिलं पातं वळलं. मग तिन्ही. आवाज म्हणशील तर कोणी सुपाने पाखडावं तेवढाच. बर्फाच्या यंत्रातून पहिली रास पडली तेव्हा एक्स्पेदितोने एक तुकडा उचलून थेट माझ्या पाठीत टाकला. सहा बायका नाचल्या, ओतासिलिया तर त्याच गुडघ्यावर नाचली. संध्याकाळी वारा पडला आणि पाती थांबली, पण काळ्या डब्याने यंत्र आणखी पन्नास मिनिटं चालवलं. जासिरा पूर्ण वेळ घड्याळ धरून उभी होती. पन्नास मिनिटं झाल्यावर तिने साहेबांना मिठी मारली. त्या माणसाला बहुधा आयुष्यात कोणी मारली नसावी, तो हातातली थाळी तशीच धरून उभा राहिला.

मधलं मी गाळलं. ते जेवणाच्या वेळचं. मी पाद्रीबाबांच्या हातातून माइक घेतला तेव्हा तुला वाटलं असेल मी गाणार. मी म्हणाले, "अकरा वर्षांपूर्वीची ती नाव माझ्या भावाने नीट बांधली होती. तिच्या कडांना मेण मी लावलं होतं, म्हणून ती सुटली. ज्याला कोणाला कांदा म्हणायचं असेल, त्याने मला म्हणावं." मग तू उठून आलास, माझ्या हातातला माइक काढून घेतलास, बंद केलास आणि म्हणालास, "पुरे, ताई. बर्फ वितळतोय." आणि सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात टाकून मला जेवायला घेऊन गेलास. तुझा हात फार जड आहे रे. मी तो खांदा अजून हलवत नाही.

आता गावातली पोरं मला कांदा मावशी म्हणतात. मला फार आवडतं. आवडतं म्हणून सांगू नकोस, बंद करतील.

तर मुद्द्याचं. जासिराला दुसऱ्या दोन गावांसाठी चक्क्या हव्यात आणि तिला शेडमध्ये कायमचा माणूस हवा आहे. ती तुला विचारणार होती, मीच थांबवलं. तिला वाटलं मला तू नको आहेस. मी थांबवलं कारण तू तिला नाही म्हणाला असतास तर मला ते सहन झालं नसतं, आणि हो म्हणाला असतास तर कामासाठी म्हणाला असतास. मी स्वार्थी बाई आहे. तू माझ्यासाठी राहावंस असं मला वाटतं. मी तुला एकदा ह्या गावातून घालवलंय, तेव्हा राहा म्हणायचा हक्क मला नाही, हे मला कळतं. तरी म्हणते. राहा, झेनो. त्या थंडीत तुझं कोण आहे?

आणि जायचंच असेल तर जा, पण फोन कापू नकोस.

ताई


सोमवार, ३ जुलै, सकाळचे दहा

झेनो,

पत्र तुझ्या पिशवीत घातलंच नाही. माझ्या एप्रनमध्ये राहिलं. धीर झाला नाही.

बस नऊ पंचविसाला चौकात आली. एक्स्पेदितो तुझी पिशवी घेऊन पुढे, मी घावनांचा डबा घेऊन मागे, आणि तुझा पत्ता नाही. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. मग तू शेडकडून आलास, कोपरापर्यंत राळेने बरबटलेला, घामाघूम. ड्रायव्हरला म्हणालास, "तुम्ही निघा. मी पहाटे नावेच्या साच्यात पहिला थर टाकलाय. काजूची राळ सावकाश धरते, तो ओला टाकून मी कुठे जाणार?"

ड्रायव्हरने विचारलं, मग उद्याच्या बसने का? तू म्हणालास, "उद्या दुसरा थर." तो म्हणाला, किती थर असतात? तू थोडा विचार केलास आणि म्हणालास, "बघू." त्याने दार लावलं. बस गेली.

एक्स्पेदितोने तुझी पिशवी परत घरी नेली. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस, डब्यातला एक घावन उचलून खात खात शेडकडे गेलास. आत्ता तिथून तुझा आवाज येतोय. ओतासिलियाने साच्यावरची चटई अजून का टाकून ठेवली होती, यावरून तिला बोलतोयस.

दुपारचं जेवण किती जणांचं करायचं ते विचारायला मी मघाशी शेडपर्यंत गेले होते. दाराशी उभी राहिले, आणि न विचारताच परत आले. तिघांचा भात टाकलाय.